कोमरम भीम आणि त्याचे चरित्रकार

सेनानीचे चरित्र हा वाङ्मयप्रकार मराठीस परका नाही. बखरकारांनी तो हाताळला. पुढे दप्तरे सोडून बसलेल्या संशोधकांनी त्याला शिस्त लावली. आणि त्यानंतरच्या कादंबरीकारांनी ती शिस्त पुन्हा बरीचशी सैल केली. या तिन्ही अवस्थांतून आलेला मराठी वाचक युद्धकथेच्या बाबतीत जाणता झाला आहे, अशी आमची समजूत आहे. गनिमी कावा, खिंड, छापा, रसद, फितुरी हे शब्द त्याला पाठ्यपुस्तकांतून लहानपणीच मिळतात. त्यामुळे एखादा नवा सेनानी समोर आला की तो त्यास याच शब्दांच्या मापाने मोजू लागतो. माप हाताशी असणे ही सोय खरी. परंतु समोरचा मनुष्य त्या मापाचा नसेल तर काय करावे, हा प्रश्न आम्हांस गेली काही वर्षे छळीत आहे. तो आमच्याच मुलखातील एका पुरुषामुळे उत्पन्न झाला आहे.

तो पुरुष म्हणजे जोडेघाटचा कोमरम भीम. सन २०१६ मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि जोडेघाट ज्यात पडते त्या आसिफाबादच्या जिल्ह्यास भीमाचे नाव मिळाले. जुन्या सवयीने आम्ही सर्व मुलखास आदिलाबादच म्हणतो व येथेही तसेच म्हणू. जोडेघाटास आज स्मारक आहे, संग्रहालय आहे. हैदराबादेस टँक बंडवर भीमाचा पुतळा आहे. सन २०२२ मध्ये 'आरआरआर' या चित्रपटाने तर त्याचे नाव साता समुद्रांपलीकडे नेले. अशा वेळी शाळाशाळांतून त्याच्यावर भाषणे व्हावीत यात नवल नाही. परंतु या भाषणांत दोन विशेषणे हटकून येतात. एक 'गोंडांचा शिवाजी' हे, आणि दुसरे, वक्ता थोडा अधिक वाचलेला असला तर, 'आदिलाबादचा जियाप' हे. ही दोन्ही विशेषणे गौरवाच्या हेतूने योजिलेली असतात. ती भीमाचा गौरव करीत नाहीत, त्यास झाकून टाकतात, असे आमचे मत झाले आहे. ते का झाले हे येथे मांडावयाचे आहे.

प्रथम एक कबुली दिली पाहिजे. व्हिएतनामच्या नेत्यांनी अमेरिकेसारख्या बलाढ्य राष्ट्रास नमविले ते शिवाजीमहाराजांचे चरित्र वाचून, आणि त्यांचा एक मंत्री रायगडची मूठभर माती आपल्या देशी घेऊन गेला, अशी एक गोष्ट महाराष्ट्रात व महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळींत सर्वत्र सांगितली जाते. तीत मंत्र्याचे नाव बदलते, वर्ष बदलते, माती मात्र कायम असते. ही गोष्ट आम्ही स्वतः एका शिवजयंतीस आमच्या शाळेत मोठ्या आवेशाने सांगितली. सभा संपल्यावर नववीतील एक गोंड विद्यार्थी आमच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ''गुरुजी, हे कोणत्या पुस्तकात लिहिले आहे?'' आम्ही त्यास सांगितले की पाहून सांगतो. पाहिले, आणि सांगण्यासारखे काही सापडले नाही. व्हो न्गुयेन जियापने आपल्या ग्रंथांत स्वतःची परंपरा स्पष्ट सांगितली आहे. तेराव्या शतकात मोंगोलांना परतविणारा त्रान हुंग दाओ, पंधराव्या शतकात मिंग सत्तेशी लढणारा ले लोई, अठराव्या शतकातला न्गुयेन हुए हे त्याचे पूर्वज. त्याला शिवछत्रपतींकडून काही उसने घेण्याची गरज नव्हती, आणि शिवछत्रपतींच्या थोरवीस जियापच्या प्रशस्तिपत्राची गरज नाही. हे त्या मुलास आम्ही सांगितले. त्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्याने दुसरा प्रश्न केला: ''मग आमच्या भीमाचे कोठे लिहिले आहे?''

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी जे वाचन घडले त्यातून हा लेख झाला आहे.

जियापची तुलना वक्त्यांनी काढलीच आहे, तर ती नीट पारखून घेणे बरे. शिक्षकबंधूंना त्याच्याविषयी एक आपलेपणा वाटण्यासारखा आहे, कारण तो मुळात आपल्या पेशाचा. सन १९११ मध्ये क्वांग बिन्ह प्रांतात जन्मलेला हा मनुष्य हनोईत कायदा शिकला आणि तेथल्या थांग लोंग या खाजगी शाळेत इतिहास शिकवू लागला. नेपोलियनच्या मोहिमा तो फळ्यावर आखून दाखवी, अशी त्याच्या विद्यार्थ्यांची आठवण नमूद आहे. कोणत्याही सैनिकी विद्यालयाची पायरी तो चढला नव्हता. सन १९४० मध्ये त्याने देश सोडून चीनची वाट धरली. मागे राहिलेली त्याची पत्नी फ्रेंचांच्या कैदेत मरण पावली. सन १९४४ च्या २२ डिसेंबरला उत्तरेकडील डोंगराळ प्रदेशात त्याने जी पहिली तुकडी उभारली तीत चौतीस माणसे होती, आणि त्यांतील बहुतेक ताय, नुंग यांसारख्या डोंगरी जमातींची होती. पुढे दहा वर्षांनी, १३ मार्च ते ७ मे १९५४ या काळात, दिएन बिएन फूच्या खोऱ्यात त्याच्याच सेनेने फ्रेंचांचे ठाणे घेतले. तो सन २०१३ मध्ये वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी वारला.

या चरित्रातला सर्वांत बोलका प्रसंग विजयाचा नाही, विजय लांबणीवर टाकल्याचा आहे. जानेवारी १९५४ मध्ये दिएन बिएन फूवर हल्ला ठरला होता. तोफा माणसांनी दोर लावून डोंगरावर ओढून नेल्या होत्या. ऐन वेळी जियापने हल्ला रद्द केला आणि त्याच तोफा त्याच वाटेने मागे ओढवून आणल्या. आपल्या साऱ्या सेनापतित्वातील हा सर्वांत कठीण निर्णय, असे त्याने पुढे लिहिले आहे. फ्रेंच एका जागी बसून होते. त्यांस वेळ नव्हता, जियापला होता. पाठीशी चीनची सरहद्द होती, रसद होती, पक्षाची यंत्रणा होती. न लढता थांबण्याचे सामर्थ्य त्याच्यापाशी होते.

आणखी एक गोष्ट त्याच्यापाशी होती, ती म्हणजे लेखणी. त्याने आपल्या युद्धावर विपुल लिहिले. टीकाकाराच्या दृष्टीने पाहता ते लेखन काही सर्वस्वी समाधान देणारे नाही; त्यात मनुष्य कमी आणि पक्ष अधिक बोलतो, हे आमच्याप्रमाणे इतरांसही जाणवले असेल. तरीही त्याच्या चरित्रकाराला भांडावयास एक मजकूर आहे. खुद्द नायकाचा शब्द समोर ठेवून त्यास प्रश्न विचारता येतो.

आता भीमाकडे यावे. त्याचा स्वतःच्या हातचा एक कागद चरित्रकारांपुढे नाही. जे आहे ते तीन ठिकाणांहून आलेले आहे. पहिले, निजामी राजवटीच्या नोंदी व त्या राजवटीच्या वतीने केलेल्या चौकशांतील निवेदने. दुसरे, गोंडांची सांगीवांगी परंपरा. तिसरे, त्या परंपरेवर पुढे रचलेले वाङ्मय. यांतील पहिल्या प्रकारात ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञाचे लेखन येते. हा मूळचा ऑस्ट्रियन विद्वान दुसऱ्या महायुद्धामुळे हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत अडकून पडला होता, आणि जोडेघाटच्या प्रकारानंतर लवकरच, सन १९४१ मध्ये, तो या जिल्ह्यात आला. त्याच्या लेखनात भीमाचे नाव 'भीमू' असे येते. त्याच्या कथनाचा गाभा अगदी साधा आहे. राखीव जंगलाच्या रेषा आखल्या गेल्या, त्या रेषांच्या आत जुनी गोंड वस्ती व जमीन सापडली, बाबेझरी व जोडेघाटच्या परिसरात भीमू व त्याचे सोबती जमीन कसू लागले, अर्ज-विनंत्या झाल्या, वनखात्याच्या लोकांनी घरे जाळली, मग हत्यार उचलले गेले, सशस्त्र पोलीस आले आणि भीमू आपल्या काही साथीदारांसह मारला गेला. यात स्वराज्याची घोषणा नाही, सेनापतीचा पोशाख नाही. एका शेतकऱ्याचा अर्ज आहे व त्या अर्जाचे शेवटी काय झाले ते आहे.

परंपरेतला भीम याहून भरीव आहे. आसिफाबादजवळच्या संकेपल्लीचा हा मुलगा. बाप वनखात्याच्या जाचात गेला. उभ्या पिकावरून सिद्दीक नावाच्या इसमाशी तंटा झाला आणि त्यात भीमाच्या हातून तो मारला गेला. भीम फरारी होऊन चांद्यास आला. तेथे विठोबा नावाच्या एका छापखानेवाल्याने त्यास आश्रय दिला, आणि त्या छापखान्यात तो लिहावयास-वाचावयास शिकला. विठोबास अटक झाल्यावर भीम आसामच्या चहाच्या मळ्यांत मजुरीस गेला, तेथून काही वर्षांनी परतला, आणि मग बारा गावांचा पुढारी झाला. 'जल, जंगल, जमीन' ही घोषणा परंपरेने त्याच्याच मुखी घातली आहे.

या परंपरेतील चांद्याचा भाग मराठी वाचकाने दोनदा वाचावा असा आहे. चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर. छापखानेवाल्याचे नाव विठोबा. म्हणजे गोंडांच्या स्मृतीने आपल्या नायकाच्या हाती अक्षर दिले ते एका मराठी मुलखातल्या छापखान्यात दिले. या प्रसंगाची कागदोपत्री खातरजमा झालेली नाही, आणि आम्ही तो इतिहास म्हणून पुढे करीत नाही. तथापि परंपरेला तो हवासा का वाटला हे उघड आहे. तिच्या दृष्टीने भीम हा अर्ज वाचू शकणारा मनुष्य आहे. पटवारी काय लिहितो, अमीन काय लिहितो, पट्ट्यावर कोणाचे नाव चढते, हे कळणारा पहिला गोंड, म्हणून तो पुढारी.

साहू आणि अल्लम राजय्या यांनी गेल्या शतकाच्या नवव्या दशकात लिहिलेल्या तेलुगू कादंबरीने या परंपरेस एकसूत्री रूप दिले. आजची बहुतेक भाषणे कळत-नकळत त्या कादंबरीवर उभी असतात. कादंबरीला तिचे राजकारण आहे आणि ते ती लपवीत नाही. जमिनीचा प्रश्न तिने केंद्रस्थानी ठेवला, हा तिचा मोठा गुण. जियापची छाया भीमावर पडू लागली ती अशा लेखनाच्या काळात, हेही खरे. त्या पिढीच्या लेखकांस व्हिएतनाम हा नित्य आठवणारा दाखला होता. त्याबद्दल कादंबरीकारांस दोष देण्याचे कारण नाही. दोष आहे तो कादंबरीस बखर समजणाऱ्या आमच्यासारख्या वाचकांचा.

चित्रपटाची गोष्ट वेगळी. 'आरआरआर'ने आपण काल्पनिक असल्याचे आधीच सांगून टाकले आहे, तेव्हा त्यातील भीम दिल्लीस कसा गेला आणि अल्लूरी सीतारामराजूस कसा भेटला, हा वाद घालणे व्यर्थ. त्यात शत्रू इंग्रज लाटसाहेब आहे. प्रत्यक्षातला तंटा निजामी वनखात्याशी व महसूल खात्याशी होता, हेही सोडून देऊ. परंतु शेवटचा प्रसंग आम्हांस सोडून देता येत नाही. सर्व युद्ध संपल्यावर सीतारामराजू विचारतो, तुला काय हवे? आणि भीम शिक्षण मागतो. मग राजू निशाणावर 'जल, जंगल, जमीन' ही अक्षरे लिहून त्यास देतो. प्रेक्षागृहात या क्षणी टाळ्या पडतात. आम्हीही प्रथम टाळी वाजविली, कारण शिक्षण मागणारा नायक पाहून कोणत्या मुख्याध्यापकाचा ऊर भरून येणार नाही? घरी परतताना मात्र लक्षात आले की परंपरेने ज्याला स्वतःच्या पायांनी छापखान्यापर्यंत चालविले होते, त्याला चित्रपटाने पुन्हा निरक्षर केले. ज्याचे शब्द म्हणून ते शब्द जगाला माहीत आहेत, त्याच्या निशाणावर ते दुसऱ्याने लिहून दिले. बळ अरण्याचे, बुद्धी नगराची, ही वाटणी फार जुनी आहे आणि फार सुखाची आहे. गोंड मुलांच्या शिक्षकांनी तरी ती मुकाट्याने स्वीकारू नये.

आता मुख्य मुद्दा. भीमाच्या लढ्यास सर्रास 'गनिमी कावा' म्हटले जाते. ठासणीच्या बंदुका, धनुष्यबाण, कुऱ्हाडी, डोंगर, झाडी, मूठभर माणसे एवढे दिसले की तो शब्द आपोआप ओठांवर येतो. परंतु गनिमी कावा म्हणजे काय? जागेचा मोह न धरणे हे त्याचे पहिले सूत्र. शत्रू चालून आला की जागा सोडावी, तो दमला की परत यावे. आज गड द्यावा, उद्या घ्यावा. पुरंदरच्या तहात महाराजांनी तेवीस किल्ले दिले आणि पुढे एकेक करून परत घेतले. जियापनेही तोफा मागे ओढल्या. जागा सोडण्याची कला ज्याला साधली तो या युद्धातला पंडित.

भीमाचे सारे म्हणणे याच्या नेमके उलट होते. त्याचे म्हणणे एवढेच होते की आम्ही ही जागा सोडणार नाही. जोडेघाट हा त्याचा छावणीचा डोंगर नव्हता. तेथे त्याचे घर होते, शेत होते. आश्विनात ज्वारी उभी असते. शेतकरी उभे पीक सोडून रानोमाळ लढत हिंडू लागला तर वनखात्याला हवे होते ते झालेच. जमीन मोकळी झाली. म्हणून भीमाला माघार घेता येत नव्हती. ती त्याला सुचली नाही असे नव्हे, तर माघार घेताच ज्यासाठी लढावयाचे तेच हातचे जात होते. त्याच्यामागे सरहद्द नव्हती, रसद नव्हती. दिएन बिएन फूस एका जागी बसून राहिलेले फ्रेंच होते. जोडेघाटास एका जागी बसून राहिलेला भीम होता. युद्धशास्त्राच्या परीक्षेत त्याला फार गुण मिळणार नाहीत. परंतु ते शास्त्र त्याच्या प्रश्नावरचे नव्हतेच. 'आदिलाबादचा जियाप' म्हणणारा वक्ता नकळत त्यास एका अशा कलेतला दुय्यम कलावंत ठरवितो, जी कला त्याने हाती घेतलीच नव्हती.

फितुरीविषयीही हेच. कोणी घरभेद्याने पोलिसांस वाट दाखविली म्हणून भीम सापडला, असे परंपरा सांगते. तसे झालेही असेल. परंतु आपल्या बखरींना ही सवय आहे की नायक हरला म्हणजे फितूर शोधावा. फितूर सापडला की बाकीचे प्रश्न मिटतात. जोडेघाटास पोलीस कशासाठी चढले, राखीव जंगलाची रेषा गावाच्या आतून कोणी काढली, अर्ज कोठे पडून राहिला, हे प्रश्न मग कोणी विचारीत नाही.

आणि एक प्रश्न तर आपण मराठी माणसांनी विचारावयाचा आहे. पट्टा म्हणजे काय हे गोंडांस कळण्यापूर्वी या जिल्ह्यातील चांगली काळी जमीन ज्यांच्या नावे लागली, त्यांत तेलुगू व्यापारी होते, मुसलमान जमीनदार होते, तसेच पैनगंगेपलीकडून आलेले मराठी कुणबी, देशमुख आणि ब्राह्मणही होते. हायमेनडॉर्फच्या लेखनात हे स्पष्ट आहे. भीमाचे मराठी चरित्र लिहिणाऱ्यास निजामाच्या नावे सर्व हिशेब मांडून मोकळे होता येणार नाही. आम्हांस तरी 'गोंडांचा शिवाजी' हे विशेषण यासाठीच अवघड वाटते: ते उच्चारताक्षणी आपण भीमाच्या बाजूस जाऊन उभे राहतो, आणि आपले आजोबा कोणत्या बाजूस उभे होते हे पाहण्याचे राहून जाते.

या संदर्भात सेतुमाधवराव पगडी यांचे नाव आठवल्यावाचून राहत नाही. फारसी साधनांतून शिवकाळ उजळून दाखविणारा हा विद्वान एके काळी निजामी नोकरीत अधिकारी म्हणून याच जिल्ह्यात होता. नुसता होता असे नव्हे. त्याने गोंडी भाषा शिकून घेतली, तिचे व्याकरण लिहिले, कोलामीचेही लिहिले, आणि आदिलाबादच्या गोंडांवरील त्याचे इंग्रजी पुस्तक सन १९४९ मध्ये निघाले. जोडेघाटच्या प्रकारानंतर संस्थानाने या लोकांच्या जमिनीचा व शिक्षणाचा जो थोडाफार विचार केला त्या कामात हायमेनडॉर्फ आणि पगडी दोघेही होते. मारलवाईस गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. गोंडीची पहिली वाचनपुस्तके तयार झाली, आणि ती नागरी लिपीत छापली गेली. भीमाच्या मरणाने जे घडले त्याचा हिशेब करताना किती पोलीस पडले हे मोजण्यापेक्षा ही पुस्तके मोजावीत, असे आम्हांस वाटते. पगडींची शिवचरित्रविषयक पुस्तके आमच्या बहुतेक शाळांच्या कपाटांत आहेत. गोंडांवरचे पुस्तक मात्र आम्हांस फार खटपटीने पाहावयास मिळाले. एकाच लेखकाच्या दोन कामांपैकी आपण कोणते जपले, हे यावरून दिसते.

आता तारखेविषयी थोडे, कारण चरित्रकाराची कसोटी अशा लहान गोष्टींत लागते. भीमाच्या मृत्यूचे वर्ष १९४० याबद्दल मतभेद नाही. दिवस मात्र निरनिराळ्या लेखांत निरनिराळे छापलेले आढळतात: १ सप्टेंबर, ८ ऑक्टोबर, २७ ऑक्टोबर. उलट गोंड लोक त्याची पुण्यतिथी दर वर्षी आश्विनी पौर्णिमेस, म्हणजे आपल्या कोजागिरीस, पाळतात, आणि जोडेघाटास त्याच दिवशी लोक जमतात. आम्ही पंचांगाचा हिशेब करून पाहिला. सन १९४० मध्ये १ ऑक्टोबरला सूर्यग्रहण होते. आपल्याकडे ते दिसले नाही, परंतु त्यावरून त्या दिवशी अमावास्या होती हे निश्चित. म्हणजे आश्विनी पौर्णिमा १६ ऑक्टोबरच्या सुमारास येते. १ सप्टेंबर हा दिवस अमावास्येच्या तोंडाशी पडतो, ८ ऑक्टोबर शुद्ध अष्टमीच्या जवळ, आणि २७ ऑक्टोबर वद्य पक्षाच्या अखेरीकडे. छापील तारखांपैकी एकही पौर्णिमेशी जुळत नाही. याचा अर्थ तिथी खरी आणि तारखा खोट्या असा लगेच घेऊ नये. स्मृतीलाही पौर्णिमा आवडते. परंतु तारीख छापणाऱ्यांपैकी कोणाला पंचांग उघडावेसे वाटले नाही, आणि तीच तारीख व तीच पौर्णिमा एकाच लेखात शेजारी शेजारी सुखाने नांदताना आम्ही पाहिली आहे, यावरून या चरित्रलेखनाची आजची अवस्था ध्यानात यावी.

कागद नाहीत म्हणून चरित्र नाही, असे म्हणणाऱ्या विद्वानांचा आम्ही आदर करतो. राजवाड्यांनी अस्सल कागदाचा जो आग्रह धरला त्याने मराठी इतिहासाचे कल्याणच झाले. परंतु ज्यांच्याविरुद्धचे सर्व कागद त्यांच्या प्रतिपक्षाने लिहिले त्यांचे काय, याचे उत्तर त्या आग्रहात नाही. गोंडांचे दप्तर परधानांपाशी आहे. हे त्यांचे भाट. किंगरी वाजवून कुळांच्या कथा सांगणारे. आणि येथे एक चमत्कारिक गोष्ट आहे, जी साहित्य परिषदेच्या सभासदांनी तरी ध्यानात घ्यावी: या जिल्ह्यातले परधान कथा गोंडीत गातात, पण घरात आपसांत मराठी बोलतात. म्हणजे गोंडांच्या स्मृतीचा पहारेकरी हा मराठी बोलणारा मनुष्य आहे. तेलुगू कादंबरीकार त्या दारापर्यंत पोहोचले, ऑस्ट्रियन पंडित पोहोचला. आपण शेजारी असून आपल्याला दार कोठे आहे ते ठाऊक नाही. सन १९५६ मध्ये किनवट आणि राजुरा तिकडे गेले व आपण इकडे राहिलो, याचे दुःख आपल्या सभांतून अनेकदा मांडले जाते; इकडे राहिल्याने आपल्या वाट्यास काय आले, हे तितक्या अगत्याने मांडले गेलेले नाही.

ज्या विद्यार्थ्याच्या प्रश्नापासून आरंभ केला तो आता अकरावीत आहे. त्याच्या गावाशेजारी एक वृद्ध परधान राहतो. दिवाळीच्या सुटीत मुलाने त्याच्याकडून ऐकून एक वही लिहून आणली. सात पाने झाली आहेत. मजकूर मराठीत आहे. गोंडी शब्द आले तेथे ते नागरीतच लिहिले आहेत, मारलवाईच्या पुस्तकांप्रमाणे, जी त्याने कधी पाहिली नाहीत. लढाईविषयी त्यात फारसे नाही. बारा गावांची नावे आहेत, कोणाचे शेत कोणत्या नाल्यापर्यंत होते ते आहे, आणि जळालेल्या घरांपैकी चार घरांच्या मालकांची नावे आहेत. ती आम्ही छापील यादीशी ताडून पाहिली. दोन गावांची नावे जुळत नाहीत. मुलाला तसे सांगितले आहे. तो म्हणाला, होळीला जाईन तेव्हा पुन्हा विचारून येतो.